धुळ्याच्या जेलमधला बारावा रविवार

आजचं वाचन गीता, अध्याय १२, श्लोक १५. ज्याची लोकांना धास्ती वाटत नाही आणि ज्याला लोकांची धास्ती वाटत नाही, असा भक्त देवाला आवडतो, हा साधा अर्थ.

मग अशा माणसाला कुणी तुरुंगात का टाकेल?

या अध्यायावर विनोबा बोलले ते ८ मे १९३२ ला, धुळ्याच्या जेलमध्ये. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतले ते कैदी. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय. लिहून घ्यायला साने गुरुजी, तेही कैदीच. त्यातून 'गीता प्रवचने' तयार झालं. आपण त्याची पीडीएफ फोनवर वाचतो, ऑडिओ लोकलमध्ये ऐकतो, पण समोर बसलेले श्रोते बंदिवान होते हे बहुतेक वेळा डोक्यात नसतं.

ते डोक्यात ठेवून बारावा अध्याय पुन्हा वाचा. सगुण आणि निर्गुण भक्ती समजावताना विनोबा लक्ष्मण आणि भरताची जोडी घेतात. लक्ष्मण रामाच्या सोबत वनात गेला. भरत मागे राहिला, चौदा वर्षं दर्शन नाही, तरी काम रामाचंच. आता ऐकणारे कोण होते बघा. कुणाची आई गावाकडे, कुणाची बायको-पोरं मागे. जवळ नसतानाही प्रेम कसं टिकतं, हा त्यांच्यासाठी तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हताच. रोजचा होता. मला तर वाटतं, भरत त्या दिवशी जितका कळला असेल तितका एसी हॉलमधल्या प्रवचनात कळणं अवघड आहे.

पण इथं एक सवय सोडायला हवी. "बघा, जेल झाली म्हणून एवढा ग्रंथ मिळाला, देवाचीच योजना!" असं आपण पटकन म्हणून टाकतो. ग्रंथाचं श्रेय बोलणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं. कुलूप लावणाऱ्याचं त्यात काही नाही. त्याच दिवसांत कितीतरी कैद्यांच्या हातून कुठलाही ग्रंथ झाला नाही, फक्त वर्षं गेली. आमच्या होटगीपासून सोलापूर हाकेच्या अंतरावर. तिथं १९३० च्या मार्शल लॉमध्ये तिरंगा हातात धरणं हाही गुन्हा होता. त्यासाठी आत गेलेल्यांची नावं आम्हाला शाळेत कुणी सांगितली नाहीत.

आता श्लोकाकडे. या माणसांपासून कुणाच्या जिवाला धोका नव्हता. सरकारला जी धास्ती वाटली ती सत्ता जाण्याची, आणि ती त्यांनी दिलेली नव्हती, सरकारच्या पोटातच होती. श्लोक भक्ताकडून निरुपद्रवी असण्याची अपेक्षा करतो. गप्प बसण्याची नाही. उलट, श्लोकाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे न घाबरणं.

आणि एक अवघड गोष्ट. ती टाळून विनोबांवर लिहिणं मला बरोबर वाटत नाही. १९७५ च्या आणीबाणीत हजारो लोक विनाखटला आत गेले. एकेकाळी विनोबांच्या भूदानासाठी आयुष्य वाहिलेले जयप्रकाशही त्यांत होते. त्या काळात विनोबांनी दिलेले 'अनुशासन पर्व' हे शब्द सरकारने स्वतःच्या पाठिंब्यासारखे वापरले. अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं ते शासन, असा खुलासा पुढे विनोबांकडून आला. तरी तो शब्द भिंतींवर लागून गेला होता. माझ्या मते तेव्हा त्यांनी स्पष्ट बोलायला हवं होतं. हे म्हणूनही 'गीता प्रवचने' माझ्या उशाशीच आहे.

आजच्या साधनेसाठी एवढंच करा. शांतपणे मत मांडल्यामुळे किंवा एखाद्या धर्माचा, जातीचा असल्यामुळे आत असलेला एक माणूस आठवा, शक्यतो ज्याचं मत तुम्हाला पटत नाही असा. त्याच्या घरी वाट बघणारं कुणी असेल. श्लोक वाचताना तोही आणि तेही डोळ्यांसमोर असू द्या.

उद्या श्लोक १६.