बाळंतपणातली सोबतीण: भोपाळमध्ये काय मिळतं आणि ते कसं मिळवायचं

पुण्यातल्या किंवा अमेरिकेतल्या मैत्रिणीने बाळंतपणात डूला ठेवली होती, हे ऐकून आलेली पहिलटकरीण भोपाळमध्ये दोन प्रश्न हमखास विचारते. सरकारमान्य डूला इथे कुठे मिळेल? आणि तिची फी एखाद्या सरकारी योजनेतून भागेल का?

आज या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कळांच्या काळात बाईजवळ सतत राहून तिला धीर देणं, पाठ चोळणं, चालवणं, पाणी पाजणं हे डूलाचं काम. नर्सची आणि मिडवाइफची नोंदणी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे होते. डूलासाठी मात्र आपल्याकडे सरकारी परीक्षा नाही, नोंदणी नाही आणि योजनांमध्ये तिच्या नावाची तरतूदही नाही.

मात्र दोन गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्या फार कुटुंबांना माहीत नसतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांच्या लेबर रूममध्ये बाळंतिणीसोबत एका व्यक्तीला राहू द्यायला मान्यता दिली. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या लेबर रूम सुधारणा कार्यक्रमातही ही सोबत अपेक्षित धरली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, जननी सुरक्षा योजनेत गर्भवतीला रुग्णालयात नेण्याचं आणि तिच्यासोबत राहण्याचं काम आशा कार्यकर्तीकडे दिलेलं आहे आणि त्याचा मोबदला तिला सरकार देतं. म्हणून प्रमाणपत्र असलेली बाई शोधत बसण्यापेक्षा घरातलीच एक बाई निवडावी, तिला नीट तयार करावं आणि तिला आत घेण्याची परवानगी आधीच पक्की करावी.

सोबतीचा उपयोग नुसता मनाला बरं वाटण्यापुरता नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त झाल्या, सिझेरियन कमी झाली आणि कळांचा काळही थोडा आखूड झाला. सिझेरियन टळण्याचा फायदा प्रशिक्षित डूला असलेल्या गटांत अधिक ठळक होता. त्यामुळे मावशी किंवा वहिनी आत नुसती बसून राहिली तर भागणार नाही, तिला काम शिकवावं लागेल.

१. पहिल्या तीन महिन्यांत: नोंदणी आणि कागद

जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत एएनएमकडे नोंदणी करा आणि माता-बाल सुरक्षा कार्ड घ्या. आधार, बँक पासबुक आणि समग्र आयडी यांच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवा. बँक खातं गर्भवतीच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं असावं. सासरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर असेल तर ते आत्ताच सारखं करून घ्या. पैसे बहुतेक वेळा इथेच अडकतात.

लेक नागपूरहून किंवा पुण्याहून माहेरी बाळंतपणाला येणार असेल तर तिचं तिकडचं कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत आणायला सांगा. तिच्याकडे मध्य प्रदेशचा समग्र आयडी नसेल, त्यामुळे राज्याच्या योजनांचे पैसे अडू शकतात. सरकारी रुग्णालयातल्या मोफत बाळंतपणासाठी मात्र तो आयडी ही अट नाही.

आपल्या वस्तीची आशा कोण, तिचा फोन नंबर काय, हे याच वेळी विचारून ठेवा.

२. सहाव्या महिन्यापर्यंत: रुग्णालय ठरवा आणि थेट विचारा

भोपाळमध्ये सरकारी पर्याय बरेच आहेत: सगळे ज्याला ‘१२५०’ म्हणतात ते जयप्रकाश जिल्हा रुग्णालय, काटजू रुग्णालय, आता हमीदियाच्या आवारात गेलेलं सुलतानिया जनाना रुग्णालय, शिवाय एम्स. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी गेलात की डॉक्टरही भेटतात आणि लेबर रूमच्या सिस्टरशीही बोलता येतं.

विचारायचे प्रश्न ठरवूनच जा:

- लेबर रूममध्ये सोबतिणीला कोणत्या टप्प्यापासून आत घेता? कळा सुरू झाल्यापासून की अगदी शेवटी?
- खाटांमध्ये पडदे आहेत का?
- रात्रपाळीलाही हाच नियम असतो का?
- सिझेरियन करावं लागलं तर सोबतीण कुठे थांबते?

इथल्या वॉर्डात व्यवहार हिंदीत चालतो, तेव्हा सोबतीण ठरली की मागणी सरळ हिंदीतच करा: “सिस्टर, लेबर रूम में मेरे साथ मेरी मौसी रहेंगी। बर्थ कम्पेनियन का नाम कार्ड पर लिख दीजिए।” कार्डावर किंवा केसपेपरवर नाव लिहिलेलं असलं की दारावरची हुज्जत पुष्कळ कमी होते.

३. सातव्या महिन्यात: सोबतीण निवडा

डोहाळजेवणाला घरातल्या, नात्यातल्या सगळ्या बायका जमतात. निवड करायला याहून सोयीची वेळ नाही. केंद्राच्या सूचनांप्रमाणे सोबतीण नात्यातली स्त्री असावी आणि शक्यतो तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबायची तिची तयारी असावी. रुग्णालयाच्या कामात किंवा उपचारांत तिने ढवळाढवळ करायची नाही आणि लेबर रूममधल्या दुसऱ्या बायकांकडेही जायचं नाही. जिथे खासगीपणा राखता येतो तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. ज्या लेबर रूममध्ये खाटेला खाट लागलेली आहे तिथे हा हट्ट धरू नका.

निर्णय गर्भवतीचा असू द्या. सासूबाईंचा मान मोठा असला तरी त्यांच्यासमोर ओरडायलाही संकोच वाटत असेल तर त्या आत नकोत. जी स्वतः घाबरते, रक्त पाहून जिला भोवळ येते किंवा जी ‘आमच्या वेळी’ असं म्हणत राहते तिलाही टाळा. एक मुख्य आणि एक राखीव अशी दोन नावं ठरवा. कळा रात्रभर चालल्या तर बदली लागेल. त्या वेळी एकावेळी एकच आत, हा नियम पाळा.

४. आठव्या महिन्यात: तिला काम शिकवा

दोघींनी मिळून घरीच सराव करावा. सोबतिणीला एवढं जमलं पाहिजे:

- श्वास: कळ आली की तिच्याबरोबर सावकाश श्वास सोडायचा. तोंडाने सूचना देत राहण्यापेक्षा स्वतः करून दाखवलेलं जास्त उपयोगी पडतं.
- पाठ: कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर तळहाताने स्थिर दाब द्यायचा. सोसेल तेवढाच, ती सांगेल तिथेच.
- हालचाल: सिस्टरने मनाई केली नसेल तर चालवायचं, उभं राहून पुढे झुकू द्यायचं, थकली की डाव्या कुशीवर झोपवायचं.
- पाणी आणि लघवी: डॉक्टरने हरकत घेतली नसेल तर घोट घोट पाणी द्यायचं आणि दर दोन-तीन तासांनी लघवीची आठवण करायची.
- जोर: सिस्टर सांगेपर्यंत ‘जोर लाव’ म्हणायचं नाही. पोटावर तर हात दाबायचाच नाही.

वेळेचा अंदाजही तिला द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर कळांचा खरा जोराचा टप्पा सुरू होतो आणि पहिलटकरणीला तिथून पुढे १२ तासांपर्यंत लागू शकतात. हे माहीत असलेली बाई तासाभरात ‘काहीच कसं होत नाही’ म्हणत वॉर्ड डोक्यावर घेत नाही.

५. खासगी डूला ठेवायची असेल तर

खासगी रुग्णालयात बाळंतपण असेल आणि खर्च झेपत असेल तर डूला ठेवायला हरकत नाही. पण तिचं प्रमाणपत्र खासगी संस्थेचं असतं, सरकारी परवाना नव्हे, हे लक्षात घेऊनच बोलणी करा. प्रशिक्षण कोणाकडे झालं, किती बाळंतपणांना ती हजर होती, आधीच्या दोन-तीन कुटुंबांशी बोलता येईल का, ती आजारी पडल्यास बदली कोण, हे सगळं विचारा. फी आणि कामाचे तास लेखी घ्या. त्याआधी तुमच्या डॉक्टरची संमती घ्या. डॉक्टर नाही म्हणाले तर दिलेली आगाऊ रक्कम वाया जाते.

जी डूला आतून तपासणी करते, औषध देते, घरीच बाळंतपण करून देते म्हणते किंवा ‘सिझेरियन होऊ देणार नाही’ अशी हमी देते, तिला ठेवू नका. हे तिचं काम नाही. विम्यात मातृत्वाचं संरक्षण असलं तरी डूलाची फी त्यात धरली आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारा. उत्तर बहुधा नकारार्थीच येईल.

लेक परदेशात असेल तर चित्र वेगळं असू शकतं. अमेरिकेत ओरेगन आणि मिनेसोटा या राज्यांनी मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यातून डूलाचा खर्च द्यायला आधी सुरुवात केली. कॅलिफोर्नियात मेडी-कॅल (तिथलं मेडिकेड) असलेल्यांना जानेवारी २०२३ पासून तो लाभ मिळतो. तिने आपल्या राज्याचा नियम आणि आपला विमा दोन्ही तपासावेत.

६. पैशांचा हिशेब

भोपाळच्या सरकारी रुग्णालयात काय मिळतं, ते एका ठिकाणी पाहा:

- जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११): नैसर्गिक प्रसूती किंवा सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत.
- जननी सुरक्षा योजना (२००५): आईला शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात १,४०० रुपये. आशाला शहरात ४०० आणि गावात ६०० रुपये. सरकारी पैशातून मिळणारी सोबत ती हीच.
- प्रधानमंत्री मातृ वंदना योजना: पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये.
- मुख्यमंत्री प्रसूती सहाय्यता: राज्यात नोंदणी असलेल्या असंघटित श्रमिक कुटुंबांसाठी एकूण १६,००० रुपयांपर्यंत, केंद्राच्या योजनांचे पैसे यात जुळवून घेतले जातात.

रोजंदारी बुडवून जी बाई सोबतीला येणार आहे तिच्यासाठी वेगळी रक्कम कोणत्याच योजनेत नाही. मातृ वंदनेच्या पहिल्या हप्त्यातून तिच्या बुडालेल्या मजुरीची सोय करता येते. हे आधीच बोलून ठेवावं.

७. कळा सुरू झाल्यावर

१०८ ला फोन करा, त्याच वेळी आशाला कळवा. पाणी गेलं, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला तर कळांची वाट न पाहता निघा. सोबतिणीच्या पिशवीत कार्ड, फाइल, धुतलेले कपडे, चपला, पाण्याची बाटली आणि चार्जर असावा. दागिने घरी ठेवा.

दारावर अडवलं तर आवाज चढवू नका. कार्डावरचं नाव दाखवा. तरीही नाही म्हटलं तर ड्यूटी डॉक्टरला, मग अधीक्षकांना भेटा. तिथेही दाद मिळाली नाही तर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तारीख, वेळ आणि वॉर्डाचं नाव सांगून तक्रार नोंदवा. हे धावपळीचं काम बाहेर थांबलेल्या पुरुषांचं. सोबतिणीने बाळंतिणीजवळून हलू नये. गर्दी खरंच खूप असेल तर निदान शेवटच्या टप्प्यात आत घ्यायची विनंती करा.

८. बाळ झाल्यावर

पहिल्या तासात बाळ आईच्या छातीशी जावं आणि त्याला चीक मिळावा, यासाठी सोबतिणीने सिस्टरला हळूच आठवण करावी. मध, साखरपाणी किंवा घुट्टी चाटवायला कोणी पुढे आलं तर त्यांना थांबवणं हेही सोबतिणीचंच काम. आईचा रक्तस्राव वाढतोय असं वाटलं तर लगेच सिस्टरला बोलवावं.

डिस्चार्जआधी चार कागद पाहा: डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या लसींची नोंद, जननी सुरक्षेच्या पैशांसाठी दिलेला खाते क्रमांक आणि जन्मनोंदणी. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी.

घरी आल्यावर आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी बाळ-बाळंतिणीला पाहायला येते. ती आली नाही तर फोन करून बोलवा. बाराव्या दिवशी बारसं झालं की पाहुणे पांगतात आणि बाळंतीण एकटी पडते. ताप, दुर्गंधी येणारा स्राव, स्तनात गाठ किंवा दिवसेंदिवस न थांबणारं रडू नेमकं तेव्हा सुरू झालं तर ते कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आत जी सोबत होती तिनेच ४२व्या दिवसापर्यंत निदान एक दिवसाआड चक्कर टाकावी, असं निवडतानाच ठरवून घ्या.