ब्रेकमधला भुसा

माझ्या डाव्या दंडावर, खांद्याच्या थोडं खाली, वीतभर लांबीचा आडवा व्रण आहे. तिथे २३ टाके पडले. टाके घालण्याआधी डॉक्टरांनी जखमेतून शर्टाचे धागे एकेक करून वेचले, मग लाकडाचा भुसा काढला, मग काळं तेल पुसून पुसून स्वच्छ केलं. कोयता लागला तर जखम सरळ असते, दोन कडा एकमेकींना मिळतात. लाकूड कापायच्या मशीनच्या चेनची जखम तशी नसते. प्रत्येक दाता आपल्या रुंदीइतकं मांस घेऊन जातो. "शिवायला कडा कुठे शोधू?" असं डॉक्टर पुटपुटलेले मला अजून ऐकू येतात.

आता वाडीवाडीत पेट्रोलवर चालणारे कटर आलेत. कोणी चेन सॉ म्हणतं, कोणी नुसतं मशीन. घ्यायला सोपं, चालवायला त्याहून सोपं वाटतं. माझ्या हातून जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात. नारळ, रोठा सुपारी, मधूनमधून जायफळ, गडग्याच्या कडेने आंबा-फणस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारच्या काही तासांत सुपाऱ्या कमरेतून मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले आणि आजोबांच्या काळातला रायवळ आंबा थेट पडवीवर येऊन पडला. वीज गेलेली, वर टाळेबंदी, त्यामुळे मजूर मिळेना. गावात ज्यांच्याकडे कटर होते त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शेवटी मेहुण्याने कुठूनतरी एक नवं मशीन मिळवून आणून दिलं. दोरी कशी ओढायची, रेस कशी द्यायची हे त्याने अंगणात उभं राहून दाखवलं. माझं शिक्षण तेवढंच. सोबत आलेली पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत होती. ती मी पिशवीतून काढलीही नाही.

वादळानंतरचा बारावा दिवस. सकाळपासून मी नारळाची खोडं कापत होतो. नारळाचं खोड म्हणजे आपलं नेहमीचं लाकूड नव्हे. त्याच्या कडेचा भाग अतिशय टणक आणि गाभा मऊ, शिवाय त्यात वाळूच्या जातीची सिलिका असते. चेनची धार ते बघता बघता खाऊन टाकतं. दुपारनंतर मशीनमधून ढलप्या पडायच्या थांबल्या आणि पिठासारखा भुसा उडायला लागला. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. मशीन कापत नाही म्हणून मी अंगाचा भार टाकून ते दाबत होतो.

संध्याकाळी आंब्याच्या फांद्यांकडे वळलो. बायको पडवीतून म्हणाली, "अहो, काळोख पडतोय. राहू दे, उद्या करा." एकच फांदी उरली होती. माझे हात भरून आले होते. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखाली वळवून धरायचा असतो, तो मी वरच ठेवला होता, कारण तसं धरलं की मनगटाला आराम वाटायचा. फांदी अर्धी कापली गेली असेल. तिच्या पलीकडे, पानांच्या आड, दुसरी एक जाड फांदी होती आणि मशीनच्या लांब पट्टीचं टोक तिला लागलं.

पुढचं मला दिसलंच नाही. मशीन हातातून उसळून वर आलं. अंगठा वर असल्याने डाव्या हाताची पकड सुटली. दंडावर कोणीतरी लाथ मारावी तसं वाटलं, वेदना नंतर आली. मान थोडी डावीकडे असती तर हे लिहायला मी उरलो नसतो.

या उसळीला किकबॅक म्हणतात. ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तो बार. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग, घड्याळातल्या बारा ते तीनच्या मधली जागा, कशालाही लागता कामा नये. तिथे चेन खाली वळत असते. दाता लाकडात अडकला की पुढे जाण्याची त्याची सगळी ताकद उलटी फिरते आणि बार तुमच्या तोंडाच्या दिशेने वर येतो. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला साधारण २० मीटर धावते. डोळ्याची पापणी लवण्याआधी सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून कापताना नजर कापाबरोबरच टोकावरही हवी. टोक दिसत नसेल तर आधी आजूबाजूच्या बारीक फांद्या कोयत्याने मोकळ्या करा. मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही. उभं राहायचं ते बारच्या रेषेत नाही, तिच्या जरा डावीकडे.

असंच काही घडलं तर सांभाळायला मशीनमध्ये ब्रेक असतो. पुढच्या दांड्यासमोर जो उभा पंजा दिसतो तोच ब्रेकचा खटका. उसळीच्या झटक्यानेही तो पडतो आणि चेन क्षणात थांबते. माझा खटका पडला होता, पण चेन थांबली नाही.

का, ते दोन महिन्यांनी कळलं. वखारीत करवतीचं काम केलेले एक वयस्कर मिस्त्री आमच्याकडे आले होते. त्यांनी बारचे दोन नट सैल करून बाजूचं कव्हर काढलं. आत क्लचच्या ड्रमभोवती एक पोलादी पट्टा असतो, तो आवळला की चेन थांबते. तो पट्टा दिसतच नव्हता. नारळाचे केस, आंब्याचा भुसा आणि चेनचं तेल यांचा काळा लगदा तिथे गच्च बसला होता. मिस्त्रींनी तो स्क्रूड्रायव्हरने उकरून माझ्या तळहातावर ठेवला. मूठभर भरला. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, पट्ट्याने धरायचं कशाला? याला?"

देखभाल आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी तोवर समजत होतो. देखभाल मशीन टिकावं म्हणून, सुरक्षितता माणूस टिकावा म्हणून. त्या मूठभर लगद्याने ते डोक्यातून गेलं. जुन्या टूथब्रशने पाच मिनिटं झाडलं असतं तर माझा दंड वाचला असता.

आता रोज काम संपल्यावर कव्हर उघडतो, पट्टा आणि बारची खाच साफ करतो, एअर फिल्टर झटकतो. सकाळी मशीन जमिनीवर टेकवून सुरू करतो. चेन ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या दांड्यात, डावा हात पुढच्या दांड्यावर, मग दोरी. हातात लोंबकळत धरून दोरी ओढणारे मी रोज बघतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. सुरू झालं की ब्रेक सोडून थोडी रेस देतो आणि डाव्या हाताची पकड न सोडता मनगटाने खटका पुढे ढकलतो. चेन तत्क्षणी थांबली नाही तर त्या दिवशी मशीन वाडीत जात नाही. मग ब्रेक सोडून बारचं टोक एखाद्या ओंडक्याच्या पांढऱ्या कापाजवळ, न लावता, धरून रेस देतो. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही म्हणजे चेन कोरडी धावते आहे.

चेनचा ताण इंजिन बंद असताना आणि चेन थंड असताना बघायचा. बारच्या खालच्या अंगाला चेन लोंबत नसावी, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. काम करताना ती तापून लांबते, तेव्हा आवळली असेल तर काम संपल्यावर आठवणीने सैल करा. नाहीतर थंड होताना ती आकसते आणि शाफ्टवर ताण येतो.

धारेबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे, कारण माझ्या अपघाताची सुरुवात तिथेच झाली. बोथट चेन दाबावी लागते. दाबणारा माणूस दमतो, त्याची पकड बिघडते, आणि फांदी तुटली की सगळा भार पुढे जाऊन तोल जातो.

चेनचे दाते एक डावा, एक उजवा असे असतात. अमेरिकेत ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने झाडाच्या खुंटात भुंग्याची एक अळी लाकूड खाताना पाहिली. ती सरळ पोखरत नव्हती, जबड्याने आलटून पालटून डावीउजवीकडे कापत जात होती. त्यावरून त्याने या वळलेल्या दात्याची चेन बनवली, आणि आजच्या चेनही त्याच वळणाच्या आहेत. दात्याची धार नेमकी कुठे असते हे त्या अळीच्या जबड्यावरून मला जेवढं कळलं तेवढं चित्रं बघून कळलं नव्हतं.

मिस्त्रींनी मला पायरीवर बसवून धार लावायला शिकवलं. गोल कानस हवी, आणि ती चेनच्या मापाचीच हवी. लहान मशीनच्या बारीक चेनला ४ मिलिमीटर, मधल्या चेनला ४.८. माप पुस्तिकेत किंवा चेनच्या खोक्यावर असतं. ब्रेक लावायचा, म्हणजे चेन हलत नाही. दात्यावर साधारण ३० अंशांची खूण असते, कानस त्या रेषेत धरायची आणि दात्याच्या आतून बाहेरच्या दिशेने पुढे सारायची. मी पुढे-मागे घासत होतो तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "कानस पुढे जाताना कापते. मागे येताना उचला. मागे घासली की दाताही जातो, कानसही जाते." प्रत्येक दात्याला सारखेच घास, तीन तर तीन. आधी एका बाजूचे सगळे दाते, मग दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला जास्त घास पडले की काप सरळ न जाता एका अंगाला वळतो.

प्रत्येक दात्याच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याला गेज म्हणतात. दाता एका वेळी किती लाकूड उचलणार हे तो ठरवतो. घरगुती मशीनच्या बहुतेक चेनवर गेज दात्यापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असतो. मशीन जोरात कापावं म्हणून हे गेज अंदाजाने घासून टाकणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. दाता जास्त खोल घुसतो आणि उसळी कैक पटींनी वाईट होते.

पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक) तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच घाला. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली. साधं पेट्रोल चुकून गेलं की पिस्टन धरतो, म्हणून मिश्रणाचा डबा वेगळा आणि खुणेचा ठेवा. तापलेल्या इंजिनात पेट्रोल भरू नका.

वादळात पडलेल्या झाडांबद्दल वेगळं सांगायला हवं. उभं झाड पाडणं हे अनुभवी माणसाचं काम, त्यात मी पडत नाही. पण आडवं झाड आहे म्हणजे ते निवांत आहे, हाही मोठा गैरसमज. वाकलेली फांदी धनुष्यासारखी असते, बाहेरच्या अंगाला ताण आणि आतल्या अंगाला दाब. आधी दाबाच्या बाजूने तिसऱ्या हिश्शापर्यंत कापायचं, मग ताणाच्या बाजूने, आणि स्वतः दाबाच्या बाजूला उभं राहायचं. उलट केलं तर एकतर बार चिमटतो, नाहीतर फांदी उडून अंगावर येते.

आमचा फणस मुळासकट उलटला होता. मुळांचा गड्डा माणसापेक्षा उंच, मागे तेवढाच खड्डा. गड्ड्यापासून पाचेक फुटांवर खोड कापलं. काप पुरा झाला मात्र, तो अख्खा गड्डा खुंटासकट उभा राहिला आणि धप्पकन खड्ड्यात जाऊन बसला, जसं कोणी दार ओढून घ्यावं. पायाखालची जमीन हादरली. त्याच खड्ड्यात त्या सकाळी शेजारची दोन पोरं लपाछपी खेळत होती. हे आठवलं की अजून मी रात्री उठून बसतो. असं खोड कापताना खड्ड्यात कोणी नाही हे चालत जाऊन, डोळ्यांनी बघून घ्या आणि एका मोठ्या माणसाला तिथे राखणीला उभं करा, अर्थात खड्ड्यापासून लांब.

अंगावर काय हवं? जाळीचा पडदा आणि कानाचे मफ असलेलं हेल्मेट, कारण आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. घट्ट पकड देणारे हातमोजे, पुढून टणक असलेले बूट. लुंगी, उपरणं, सैल बाही नको. पायांसाठी चॅप्स मिळतात. त्यात लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि चेन थांबते. महाग वाटतात. माझ्या इस्पितळाच्या बिलापेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत.

मी वाचलो तो बायकोमुळे. तिने धुतलेल्या धोतराची घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. रक्त थांबलं का हे बघायला एकदाही उचलली नाही. पहिली घडी भिजली तेव्हा तिच्यावर दुसरी ठेवली. रस्त्यावर झाडं पडलेली होती, इस्पितळ गाठायला दीड तास लागला. त्या संध्याकाळी ती शेजारी गेली असती तर, हा विचार मी पुढे नेत नाही.

परवा पुतण्या मशीन मागायला आला. त्याच्याकडे शेवग्याची फांदी तारांवर झुकली आहे. मी त्याला सांगितलं, तारांजवळचं काम आधी वीज कंपनीला कळव, त्यांची माणसं येऊ देत. मग म्हणाला, निदान सरपण तरी कापतो. त्याला पायरीवर बसवून कव्हर उघडायला लावलं. पट्टा स्वच्छ होता, तरी ब्रश फिरवायला लावला. त्याने मशीन सुरू केलं, खटका ढकलला, चेन जागच्या जागी थांबली. ओंडक्यावर तेलाची रेघ उमटली. तेव्हा त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. अंगठा वर होता. तो दांड्याखाली वळवून दिला, हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि चप्पल घालून त्याच्याबरोबर निघालो.