घोड्याची परदेश-पाठवणी आणि तबेल्याचे आरोग्य

देहूरोडवरून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि शेजारच्या किवळ्यापाशी द्रुतगती मार्ग लागतो. या वाटेवर घोड्यांची ये-जा नित्याची आहे. पुण्याच्या पावसाळी शर्यती आटोपल्या की शर्यतीचे घोडे मुंबईस महालक्ष्मीकडे रवाना होतात. आषाढी वारीसाठी माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून, म्हणजे राज्याची सीमा ओलांडून, आळंदीस येतात. लग्नसराईत वरातीची घोडी गावोगाव फिरते. लाखो रुपयांचा शर्यतीचा घोडा आणि वरातीची घोडी यांची किंमत निराळी असली, तरी त्यांना चावणारी माशी एकच असते. म्हणूनच घोडा परदेशी नेण्याचे नियम हा केवळ श्रीमंत अश्वपालांचा विषय आहे, ही समजूत बरोबर नव्हे.

नियम बदलले म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण ब्रिटनचे आहे. ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्स या तीन देशांतील करारामुळे शर्यतीचे व स्पर्धांचे घोडे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत फारशा कागदपत्रांवाचून या देशांत ये-जा करीत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून ही सवलत संपली. सरकारमान्य पशुवैद्यकाचे आरोग्य-प्रमाणपत्र, रक्ततपासणी आणि ठराविक सीमा-नाक्यावरची तपासणी आवश्यक झाली. घोडे तेच होते, रस्ताही तोच होता. परंतु ज्यांच्या तबेल्यात नोंदी व्यवस्थित होत्या त्यांची वाट लवकर मोकळी झाली.

भारतातील घोड्यांपुढची अडचण याहून जुनी व कठीण आहे. घोड्यांच्या काही रोगांमुळे अनेक देश येथील घोडे सहसा घेत नसत. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या अश्वारोहण संघाने ड्रेसाज प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्या संघाचे घोडे युरोपात ठेवून तयार केलेले होते. भारतातील तबेल्यात वाढलेला घोडा थेट स्पर्धेला नेणे किती अवघड होते, हे त्यावरून ध्यानात यावे.

या स्थितीत ३ जुलै २०२५ रोजी महत्त्वाचा बदल झाला. मेरठ छावणीतील लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअर केंद्र व महाविद्यालयातील अश्वशाळेस जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. भारतातील अशा प्रकारचा हा पहिलाच विभाग होय. सबंध देश किंवा जिल्हा रोगमुक्त करण्याऐवजी एकाच आवाराची कडक व्यवस्था ठेवायची व तेथील घोड्यांपुरती हमी द्यायची, अशी ही पद्धत आहे. २०१० सालच्या आशियाई स्पर्धांसाठी चीनने ग्वांगझोऊजवळ त्सोंगहुआ येथे सबंध परिसरच रोगमुक्त केला होता. तो मार्ग बराच अधिक खर्चाचा.

मेरठची मान्यता पाच रोगांपुरती आहे: अश्व संसर्गजन्य पांडुरोग, अश्व इन्फ्लुएन्झा, पायरोप्लाझ्मोसिस, ग्लँडर्स आणि सर्रा. आफ्रिकन हॉर्स सिकनेस या सहाव्या रोगापासून भारत २०१४ पासून अधिकृतपणे मुक्त आहे. चिलटांमार्फत पसरणाऱ्या या रोगाची साथ १९६० साली मध्यपूर्वेकडून भारतात आली होती आणि त्या सबंध टापूत सुमारे ३ लाख घोडे, गाढवे व खेचरे दगावली.

पुणे जिल्ह्यातील अश्वपालांनी ग्लँडर्सकडे विशेष लक्ष द्यावे. २००६ साली हा रोग महाराष्ट्रात पुणे व पाचगणी भागात पुन्हा उद्भवला आणि तेथून पुढे इतर राज्यांतही आढळला. नाकातून चिकट, कधी रक्तमिश्रित स्राव येणे, नाकाच्या आतील पडद्यावर व्रण होणे, पायांवर ओळीने गाठी येऊन फुटणे ही त्याची लक्षणे होत. काही जनावरांत लक्षणे दिसत नाहीत, तरीही ती रोग पसरवितात. हा रोग माणसांनाही होतो. यावर लस नाही. रक्ताची एलायझा चाचणी व त्यानंतर कॉम्प्लिमेंट फिक्सेशन चाचणी होऊन रोग निश्चित झाला, की ते जनावर नष्ट करावे लागते.

येथेच खरी अडचण उभी राहते. ज्याचे पोट एका घोडीवर चालते, तो नाक वाहू लागले की सर्दी म्हणून झाकू पाहतो. हे स्वाभाविक असले तरी घातक आहे. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमानुसार संशयित रोगाची वर्दी गावच्या अधिकाऱ्यास अथवा पंचायतीस देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नष्ट केलेल्या जनावराबद्दल नुकसानभरपाई मिळण्याचीही सोय आहे. मात्र वर्दी न देता जनावर परस्पर विकले, तर भरपाई बुडते आणि रोग दुसऱ्याच्या दारी जातो.

तबेल्यात करावयाच्या गोष्टी साध्याच आहेत. नवा घोडा आणल्यास किमान तीन आठवडे निराळा बांधावा व त्याचा तोबरा, खरारा, पाण्याची बादली वेगळी ठेवावी. सार्वजनिक हौदावर पाणी पाजण्याची सवय मोडावी, कारण ग्लँडर्स बहुधा तेथूनच लागतो. लीद रोज दूर नेऊन टाकावी व डबकी बुजवावीत. सर्रा व पांडुरोग चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतात. पायरोप्लाझ्मोसिस गोचिडांमुळे होतो, तेव्हा मानेखाली व मांड्यांच्या आत बोटांनी चाचपून पाहावे. एकच सुई दोन घोड्यांना कधीही वापरू नये. इन्फ्लुएन्झाची साथ देशात १९८७ व २००८-०९ या वर्षी आली होती, परंतु त्यावर लस आहे.

प्रत्येक घोड्याची वही ठेवावी. रंग, खुणा, खरेदीचे ठिकाण, लस, रक्ततपासणीचा दिनांक व निकाल एवढे लिहिले तरी पुरे. परदेशी पाठवणीत पहिली मागणी याच माहितीची होते.

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीस भरतो. परप्रांतांतून आलेले घोडे तेथे एकत्र येतात. जाण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ताचा नमुना द्यावा. निकाल येण्यास वेळ लागतो, म्हणून ते काम दिवाळीपूर्वी उरकावे. मारवाडी व काठेवाडी जातीचा घोडा परदेशी विकण्याचा विचार असल्यास, त्यांच्या निर्यातीवर निर्बंध असून परवाना लागतो, याची खातरजमा सौद्याआधी करावी. इसार घेतल्यानंतर नव्हे.