प्लवकांचा पारखी : एका अल्पपरिचित व्यवसायाची ओळख

बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात एक परिचित गृहस्थ चिरंजीवांना बरोबर घेऊन आमच्याकडे आले आणि चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच त्यांनी आपली कैफियत मांडली : मुलगा जीवशास्त्रात हुशार, पण वैद्यकाचे नाव काढू देत नाही, समुद्राच्या पाण्यातील, सहसा नजरेस न पडणारे जीव ओळखणे हाच आपला व्यवसाय व्हावा असा त्याचा हेका, आणि ‘पाण्यातले किडे मोजण्याच्या’ या उद्योगावर पुढे संसार चालेल किंवा कसे, हे सांगणारा कोणी माहीतगार त्यांना आजवर भेटला नव्हता. गृहस्थांची काळजी खोटी नव्हती आणि मुलाचा हेकाही पोरकट नव्हता. म्हणून त्या दिवशी जे तोंडी सांगितले, ते इतर पालकांच्याही उपयोगी पडावे या हेतूने येथे सविस्तर लिहीत आहोत.

ज्या जीवांना प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याइतके बळ नसते आणि जे पाणी नेईल तिकडे वाहत जातात, त्या सर्वांना मिळून प्लवक म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ साली ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला, त्याचाच हा मराठी पर्याय. सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांवर किंवा एकमेकांवर उपजीविका करणारे ते प्राणिप्लवक. हे जग आपल्यापासून फार दूर आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातील सुक्या जवळ्याचा डबा उघडून पाहावा. कोकणचे कोळी डोलीच्या जाळ्यात जो पकडतात, तो जवळा म्हणजे ‘अ‍ॅसेटिस इंडिकस’ नावाची चिमुकली कोळंबी असून शास्त्राच्या दप्तरी तिची गणना प्राणिप्लवकांतच होते. त्या जवळ्यावर बोंबील पोसतो, त्या बोंबलावर घरे पोसतात. आणि या साखळीच्या अगदी पहिल्या कड्या ज्याला नावानिशी ठाऊक असतात, असा मनुष्य मत्स्यसंशोधनाला अत्यावश्यक असतो.

कामाची आवश्यकता

एखाद्या वर्षी मासळी उदंड लागते आणि एखाद्या वर्षी होड्या रिकाम्या परततात, याचे कारण केवळ मोठ्या माशांच्या संख्येत शोधू नये; अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला जन्मानंतरच्या थोड्या दिवसांत योग्य आकाराचे प्लवक मिळाले की नाही, यावर त्या साऱ्या पिढीचे भवितव्य ठरत असावे, असा विचार नॉर्वेचे योहान यॉर्ट यांनी १९१४ साली मांडला आणि मत्स्यविज्ञानाची दिशा पालटली. आपल्याकडे मलबारच्या किनाऱ्यावर तारलीच्या हंगामाचा अभ्यास करताना नायर व सुब्रह्मण्यन या शास्त्रज्ञांनी १९५५ साली दाखवून दिले की, ‘फ्रॅजिलेरिया ओशनिका’ नावाचा डायाटम, म्हणजे सिकतामय कवचाची एकपेशीय वनस्पती, तारलीच्या विपुलतेचा सूचक मानता येतो. आता उपग्रह समुद्राचा रंग व तापमान टिपतात आणि त्यावरून हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते, हे खरे. परंतु अवकाशातून पाण्याची हिरवाई दिसली तरी ती कोणाची, हे सहसा उलगडत नाही. तारलीला रुचणारा डायाटम असो की उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात माजणारा, पाण्याला हिरवा रंग आणणारा ‘नॉक्टिल्युका’ असो, त्यांतला भेद सांगण्यासाठी अखेर पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली न्यावा लागतो आणि तेथे एक जाणता डोळा तैनात असावा लागतो.

कामाचे स्वरूप

या जाणत्या माणसाचा दिवस दोन ठिकाणी जातो. वर्षातले काही आठवडे तो जहाजावर किंवा लहान होडीवर असतो. तेथे शंकूच्या आकाराचे, बहुधा दोनशे मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या एक पंचमांश छिद्रांचे जाळे पाण्यातून ओढले जाते, जाळ्याच्या तोंडाशी बसवलेले प्रवाहमापक यंत्र किती पाणी गाळले गेले ते नोंदवते, आणि तळाच्या बाटलीत जमलेला ऐवज सौम्य फॉर्मलिनमध्ये घालून, त्यावर दिनांक, वेळ, अक्षांश, रेखांश व खोली यांचा तपशील पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी जोडून बंद केला जातो. पेन्सिलीनेच, कारण शाई विरघळते. आणि चिठ्ठी हरवलेला नमुना कितीही सुंदर असला तरी शास्त्राच्या दृष्टीने बेवारस ठरतो.

वर्षातील उरलेला, आणि फार मोठा, काळ प्रयोगशाळेतील खुर्चीवर जातो. बाटलीतील सारेच जीव मोजणे अशक्य असल्यामुळे नमुना विभाजकाच्या साहाय्याने निम्मा, पुन्हा निम्मा असा करीत सोळाव्या हिश्शापर्यंत आणला जातो आणि तेवढ्याचीच जातवार गणती होते. समजा, त्या हिश्शात एका जातीचे २१० जीव आढळले. सोळाने गुणले की ३,३६० झाले. आणि गाळलेले पाणी १२० घनमीटर असेल, तर दर घनमीटरला २८ हा आकडा नोंदवहीत चढतो. हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही यावा इतका सोपा दिसतो खरा; पण त्यातील मेख अशी की, ओळखण्यात झालेली चूकही आकड्याबरोबर सोळापट होते, तो आकडा अहवालात जातो, अहवालावरून शिफारस होते, आणि त्या शिफारशीचा भार ज्या नाखव्याच्या हंगामावर पडतो, त्याला ही चूक कोणत्या खुर्चीवर झाली हे कधीच कळत नाही.

आणि चूक होण्याचे प्रसंग पावलोपावली असतात. कोपेपॉड या, एखाद-दोन मिलिमीटर लांबीच्या कवचधारी गटातील कित्येक जाती दर्शनी इतक्या सारख्या, की नराचा पाचवा पाय सुईने सोडवून त्याची घडण पाहिल्याशिवाय निश्चित नाव देता येत नाही. त्यातच एकाच प्राण्याची बालरूपे प्रौढ रूपाशी मुळीच न जुळणारी असतात. डोक्यावर लांब काटा व टपोरे डोळे असलेला ‘झोइया’ हा जीव पूर्वी स्वतंत्र प्राणी समजला जात असे आणि त्याला तसे नावही मिळाले होते. आयर्लंडातील कॉर्क येथे चाकरीस असलेले लष्करी वैद्य जॉन व्हॉन टॉम्सन यांनी १८२० नंतरच्या दशकात खेकड्याची अंडी उबवून पाहिली, तेव्हा त्यांतून नेमके झोइयाच बाहेर पडले आणि तो खेकड्याचा बालक ठरला. विद्वानांची जेथे अशी फसगत झाली, तेथे नवशिक्याने दोन-तीन वर्षे ज्येष्ठाच्या शेजारी बसून, प्रत्येक शंकास्पद जीवाचे रेखाचित्र काढून, मगच आपल्या जबाबदारीवर नाव लिहावे, हाच या विद्येचा परिपाठ आहे.

यंत्रे आली, आता माणसाचे काय, असा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. प्लवकांची छायाचित्रे घेऊन त्यांची प्रतवारी करणारी यंत्रे प्रयोगशाळांत आली आहेत, जनुकीय क्रमावरूनही जात ठरवता येते, आणि जो विद्यार्थी या दोन्ही तंत्रांकडे पाठ फिरवील तो मागे पडेल यात शंका नाही. परंतु यंत्राला शिकविण्यासाठी आधी हजारो चित्रांवर कोणीतरी अचूक नावे लिहावी लागतात. आणि पाण्यात सापडलेला जनुकीय क्रम ज्याच्याशी ताडून पाहायचा, तो मूळ क्रम ज्या नमुन्याचा, त्याचे नावच चुकले असेल तर पुढची सारी मालिका चुकत जाते. अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्या प्लवक-नोंदणी यंत्राने १९३१ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेले सर्वेक्षण आजही चालू आहे. व्यापारी जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या त्या यंत्रातील रेशमी पट्टी उलगडून तिच्यावरील जीव ओळखण्याचे काम अद्यापि माणसेच करतात. आपल्याकडेही १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत दोनशे मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत ओढलेल्या जाळ्यांचे नमुने कोचीच्या केंद्रात वेगळे केले गेले, आणि पुढील पिढ्यांना तुलनेसाठी तोच ठेवा कामी आला.

शिक्षणक्रम

बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याला दोन वाटा आहेत. पहिली वाट मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीची. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, तसेच नागपूर व उदगीर येथेही हा शिक्षणक्रम चालतो. दुसरी वाट प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. होण्याची. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, गोवा विद्यापीठ, कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि तमिळनाडूत परंगीपेट्टई येथील अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र ही ठिकाणे विचारात घ्यावीत. प्रवेशाचे नियम व परीक्षा अधूनमधून बदलत असल्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबू नये; त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक पालकांनी स्वतः वाचावे.

पदवी कोणतीही घेतली, तरी तीन गोष्टी स्वतंत्रपणे कमवाव्या लागतात : संख्याशास्त्र, कारण गणतीचा अर्थ त्याशिवाय लागत नाही, चित्रकलेचा निदान प्राथमिक हात, कारण जो जीव रेखाटतो त्यालाच तो खरा दिसतो, आणि जुने ग्रंथ धुंडाळण्याची सवय, कारण एखाद्या जातीचे मूळ वर्णन शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच वा जर्मन निबंधात दडलेले असते.

नेमणुका आणि वेतन

मुख्य आश्रयस्थान सरकारी संशोधन संस्थांचे. १९४७ साली स्थापन झालेली व कोची येथे मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था, जिचे केंद्र मुंबईतही आहे. १९६६ साली स्थापन झालेली व गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. ‘सागर संपदा’ या संशोधन नौकेशी निगडित असलेले कोचीचे सागरी जीवसंपत्ती केंद्र. आणि मुंबईला मुख्य कचेरी असलेले भारतीय मत्स्य सर्वेक्षण, ही त्यांतील ठळक नावे. कृषी संशोधन सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन शास्त्रज्ञाच्या हुद्द्यावर कायम नेमणूक झाल्यास सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. त्याआधीची पायरी संशोधनवृत्तीची : राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ संशोधन-अधिछात्राला केंद्र सरकारने २०२३ साली ठरविलेल्या दराप्रमाणे दरमहा ३७,००० रुपये व ज्येष्ठाला ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा.

आता कटू भाग. कायम जागा थोड्या निघतात, जाहिरात केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि पुष्कळांची उमेदीची वर्षे मुदतबंद प्रकल्पांवर हंगामी नोकरी करण्यात जातात. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत घरच्यांना धीर धरावा लागतो. यासाठी शहाण्याने दुसरे दार उघडे ठेवावे. बंदरे व किनारी कारखाने यांच्या पर्यावरण-आघाताच्या अहवालांसाठी प्लवकांची तपासणी करणाऱ्या खाजगी सल्लागार संस्था आहेत. कोळंबीच्या बीजकेंद्रांत पिल्लांसाठी डायाटम वाढवावे लागतात. आणि जहाजांच्या टाक्यांतील स्थैर्यजलातून परके जीव पसरू नयेत म्हणून २०१७ पासून जो आंतरराष्ट्रीय करार अंमलात आला आहे, त्यामुळे त्या पाण्यातील जीव मोजणाऱ्यांची गरज निर्माण झाली आहे.

शारीरिक कष्टांचीही कल्पना आधीच असावी. समुद्र लागणे, मान व डोळे आंबणे, आणि फॉर्मलिनची वाफ, जी आरोग्यास निश्चित घातक असल्यामुळे हवेशीर जागा व हातमोजे यांबाबत तडजोड करू नये. मुलींच्या पालकांना नौकेवरील मुक्कामाची चिंता वाटते. ती मनात न ठेवता, नौकेवर निवासाची व्यवस्था काय आहे आणि बरोबर कोण कोण असते, हे संबंधित संस्थेस सरळ विचारावे.

घरची परीक्षा

इतके ऐकून गृहस्थांनी विचारले, मुलाचा हा ओढा टिकाऊ आहे की तात्पुरता, हे ओळखावे कसे? आम्ही सुचविलेली परीक्षा फार खर्चाची नाही. मलमलीच्या तुकड्याची शंकूसारखी पिशवी शिवावी, तोंडाला तारेचे कडे व तळाला औषधाची रिकामी बाटली बांधावी, आणि भरतीच्या वेळी, वडीलधारे माणूस बरोबर ठेवून, धक्क्यावरून ती पाण्यात दहा मिनिटे ओढावी. बाटलीत शाळेच्या प्रयोगशाळेतील थोडे स्पिरिट घालून शिक्षकांच्या परवानगीने तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहू द्यावा. मुलाला एकाही जीवाचे नाव आले नाही तरी हरकत नाही. त्याने आकारावरून गट पाडावेत, चित्रे काढावीत आणि प्रत्येक गटाची संख्या लिहून सही करावी. पहिल्या तासाची गंमत कोणालाही वाटते, तिच्यावरून काही ठरवू नये. दुसऱ्या दिवशी तीच बाटली पुन्हा समोर ठेवून ‘कालचे बरोबर आहे ना?’ एवढेच विचारावे आणि दूर बसून राहावे.

जो मुलगा कालच्या कागदाकडे बोट दाखवून उठून जाईल, त्याला दुसऱ्या एखाद्या क्षेत्रात यश मिळो. परंतु जो पुन्हा खुर्ची ओढून बसेल, तासाभराने डोके वर काढील आणि कोणी न सांगता कालचा आकडा खोडून त्याखाली नवा आकडा लिहील, त्याच्या अर्जावर वडिलांनी निःशंक सही करावी.