तराजू मुलाच्या हातात राहू द्या

पालकहो,

शाळेत बाल आनंद बाजार भरवायचं ठरलं की एक प्रश्न हमखास येतो : "परीक्षा तोंडावर आली असताना भाजीबाजार कशाला?" प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा काढून तुम्ही मुलांना शिकवता, त्यांचा एकही दिवस वाया जाऊ नये असं तुम्हाला वाटणारच. म्हणून त्या दिवशी काय शिकणं चाललेलं असतं, ते मोकळेपणानं सांगते.

समजा, पाचवीतलं मूल मेथीच्या 10 जुड्या 80 रुपयांना घेऊन बसलं. जुडी 10 रुपयांना, हा भाव त्याचा त्यानं ठरवला. दुपारपर्यंत 7 जुड्या गेल्या, गल्ल्यात 70 रुपये आले. उरलेल्या 3 कोमेजायला लागल्या. आता? भाव धरून बसलं आणि त्या खपल्या नाहीत, तर 10 रुपयांचा तोटा. पाच-पाच रुपयांना काढल्या तर 15 रुपये येतात, म्हणजे 5 रुपये नफा. नफा-तोट्याचं हे गणित पुस्तकातही असतं. पण पुस्तकातली मेथी सुकत नाही आणि समोरचं गिऱ्हाईक पाठ फिरवून चालू लागत नाही. इथे निर्णय घ्यावा लागतो, तोही लगेच. शेतकऱ्याघरचं मूल असेल, तर भाव पडला की बाबा बाजारातून गप्प गप्प का येतात, हे त्याला त्या दिवशी उमगतं.

बाजारात सगळीच मुलं विकायला बसत नाहीत. कुणी गिऱ्हाईक होतं, कुणी हिशेबनीस, कुणी वजनं तपासतं, कुणाकडे शेवटी आवार झाडायचं काम असतं. मध्येच ही कामं बदलतात, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही अदलाबदल. घासाघीस करून दोन रुपये कमी करून घेणारी मुलगी थोड्या वेळानं स्वतः वाटे मांडून बसते, तेव्हा समोरच्याची घासाघीस मनाला कशी लागते ते तिला कळतं. सतत बोलणाऱ्या मुलाला मी मुद्दाम तराजूवर नेमते. तिथे बोलून भागत नाही, काटा स्थिर व्हायची वाट पाहावी लागते. अबोल मुलाला विकायला बसवते. 'मापात पाप नको' असा सुविचार फळ्यावर लिहिणं सोपं आहे. पाव किलो वाटाणा कमी भरला आणि वर्गातल्याच मैत्रिणीनं सगळ्यांसमोर तो पुन्हा तोलला, की त्या सुविचाराचा अर्थ समजतो. भूमिका, कौशल्य आणि मूल्य यांचे तीन वेगळे तास लावता येत नाहीत. हातात काम आणि त्याची जबाबदारी असली, की तिन्ही एकत्रच शिकली जातात.

हे काही आजचं खूळ नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाच आग्रह धरला होता : शिक्षण हाताच्या कामातून उभं राहावं. पुढे आर्यनायकम् आणि आशादेवी या शिक्षक दाम्पत्यानं सेवाग्रामात याच विचाराची, म्हणजे नई तालीमची, शाळा चालवली. तिथे सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई हा अभ्यासच होता. ही शाळा पुढे बंद पडली, पण 2005 पासून 'आनंद निकेतन' या नावानं सेवाग्रामात ती वाट पुन्हा चालू आहे. असं शिकणं नुसत्या गुणांत मावत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही प्रगतिपत्रक बहुआयामी असावं, शिक्षकांबरोबर मुलानं स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करावं, असं म्हटलं आहे.

आता मनातली एक गोष्ट बोलते, रागावू नका. बाजाराच्या दिवशी काही पालक मुलाच्या मागे बसून सुट्टे पैसे स्वतःच मोजतात. काही जण आपल्याच मुलाचा सगळा माल विकत घेतात, त्याचा गल्ला सगळ्यांत मोठा व्हावा म्हणून. हे मायेपोटी होतं, मी जाणते. पण त्यानं मुलाचं शिकणंच हिरावून घेतलं जातं. हिशेब चुकू द्या, चार जुड्या उरू द्या. संध्याकाळी त्यावर शांतपणे बोला.

घरीही मुलाला एखादं खरं काम द्या. खरं म्हणजे, ते केलं नाही तर घरात कुणाचं तरी अडेल असं. आठवड्याच्या किराण्याची यादी करणं, पैसे नेऊन सामान आणणं, उरलेल्या पैशांचा हिशेब देणं. काही आठवड्यांनी काम बदला. मुलगा आहे म्हणून त्याला पोळ्या लाटण्यातून सूट नको, आणि मुलगी आहे म्हणून बँकेतली स्लिप भरणं तिच्याकडून काढून घेऊ नका. सुरुवातीला वेळ लागेल, सांडलवंड होईल, तुम्हाला घाई असेल. तरी ते काम तुमच्या हातात परत घेऊ नका.

आणि आमच्या प्रगतिपत्रकात पालकांच्या अभिप्रायासाठी जागा असते, तिथे नुसतं 'छान' किंवा 'अभ्यास कमी आहे' असं लिहू नका. या महिन्यात तुमच्या मुलानं घरातलं कोणतं काम स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडलं, ते लिहा. आम्ही ते वाचणार आहोत, आणि मूलही वाचणार आहे.