घटक ४ : दूरचित्रवाणीवरील पोलीसकथा – रूपबंध आणि कथनदृष्टी

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• दूरचित्रवाणीवरील पोलीसकथेचे प्रमुख प्रकार सांगता येतील.
• कथनदृष्टी आणि कथेचा शेवट यांचा आशयाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• या रूपबंधाची प्रत्यक्ष घटनेशी तुलना करून त्याच्या मर्यादा दाखवता येतील.

४.२ प्रास्ताविक

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या अनेक पिढ्या घडवल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक पोलीस दलाबाहेरचे होते. दूरचित्रवाणीने मात्र नायकाचा मान प्रामुख्याने पोलीस अधिकाऱ्याला दिला. आपल्यापैकी अनेकांनी ठाण्याची पायरी कधी चढलेली नसते. ठाणे आतून कसे असते, चौकशी कशी चालते, याची कल्पना आपण बहुधा पडद्यावरूनच घेतलेली असते. म्हणून हा कथाप्रकार निव्वळ करमणूक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तो आपल्याला काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे पाहणे आवश्यक आहे.

४.३ रूपबंधाची घडण : चार अमेरिकी मालिका

‘ड्रॅगनेट’ ही मालिका १९४९ मध्ये रेडिओवर आणि १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. जॅक वेब यांनी ती निर्माण केली आणि सार्जंट जो फ्रायडेची भूमिकाही केली. कथानके लॉस एंजेलिस पोलिसांच्या प्रत्यक्ष प्रकरणांवर आधारलेली असत व त्या दलाचे साहाय्य मालिकेला लाभले होते. त्यामुळे तपशिलांत अस्सलपणा आला. पण त्याचबरोबर संपूर्ण कथा पोलिसांच्या नजरेतून सांगण्याचा प्रघातही पडला.

‘कोलंबो’ने रहस्याची मांडणी उलटी केली. पीटर फॉक यांचा कोलंबो १९६८ मध्ये प्रथम पडद्यावर आला आणि १९७१ पासून त्याची नियमित मालिका सुरू झाली. येथे खून कोणी केला हे प्रेक्षकाला आरंभीच कळते. उत्कंठा राहते ती खुनी कसा सापडेल याची. खुनी बहुधा धनिक वा प्रतिष्ठित असतो, तर त्याच्यासमोर उभा असतो चुरगळलेल्या कोटातला एक साधा अधिकारी.

‘हिल स्ट्रीट ब्लूज’ने (१९८१–८७) ठाण्याकडे कामाची जागा म्हणून पाहिले. तेथील माणसे थकतात, चुकतात, आणि सगळीच प्रकरणे एका भागात मिटत नाहीत. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’ने प्रत्येक भागाचे दोन खंड केले : पूर्वार्धात पोलीस तपास, उत्तरार्धात सरकारी वकील आणि न्यायालय. कधी कधी आरोपी सुटतोही. आरोपीला अटक म्हणजे कथेचा शेवट नव्हे, हे या मालिकेने रचनेतूनच सुचवले.

४.४ आपल्याकडील मालिका

मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका अनेकांच्या स्मरणात असेल. तीत काम केलेले शिवाजी साटम पुढे ‘सी.आय.डी.’ या हिंदी मालिकेत एसीपी प्रद्युम्न म्हणून घरोघरी पोहोचले. जानेवारी १९९८ ते ऑक्टोबर २०१८ या काळात तिचे दीड हजारांहून अधिक भाग प्रसारित झाले.

तिच्या भागांचा ठरलेला शेवट आठवा. पुरावे समोर मांडले जातात, संशयित खचतो आणि अधिकाऱ्यांपुढे गुन्हा कबूल करतो. नाट्यदृष्ट्या हा शेवट समाधान देणारा आहे. परंतु १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. २०२३ च्या नव्या अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे मालिका ज्या क्षणी संपते, त्या क्षणाला न्यायालयात फारसे मोल नाही. ठाण्याच्या चार भिंतींआड सत्ता एकाच बाजूला असते, हे कायद्याने ओळखले आहे. मालिकेने ओळखलेले नाही.

४.५ एक प्रत्यक्ष प्रकरण : देसाईगंज, १९७२

हा मुद्दा नीट कळण्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील एका प्रकरणाकडे वळू. देसाईगंज (वडसा) आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये तो जिल्हा निर्माण होण्यापूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री मजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीमुळे देसाईगंज ठाण्यात आली. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. जबाब झाल्यावर सोबतच्यांना बाहेर पाठवण्यात आले आणि तिला आत थांबवून घेण्यात आले. ठाण्याच्या आवारातच दोन पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केल्याची तिची तक्रार होती.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या निकालाचे सार होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, याला त्या निकालात महत्त्व मिळाले.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रियांची आंदोलने झाली. १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला, आणि अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत नोंदवले.

४.६ तुलना

वर पाहिलेल्या चौकटींत हे प्रकरण कोठे बसते? आरोपी कोण हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तेवढ्यापुरते ते ‘कोलंबो’सारखे आहे. परंतु येथे चुरगळलेल्या कोटातला अधिकारी नाही. जेथे सत्य उजेडात यावयाचे, तेच ठाणे येथे घटनास्थळ आहे. प्रश्न ‘कोणी केले’ हा नसून ‘कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा’ हा आहे. त्याचे उत्तर शोधण्यास अकरा वर्षे लागली, आणि ज्या कायद्याला तिच्या दुःखाने जन्म दिला, त्याचा लाभ तिला स्वतःला मिळाला नाही.

पोलीस अधिकाऱ्याच्या नजरेतून सांगितलेल्या कथेत अशा मुलीला ‘फिर्यादी’ वा ‘साक्षीदार’ एवढीच जागा मिळते. प्रामाणिक पोलिसांची कथा खोटी असते, असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की, कथनदृष्टी निवडताना लेखक कोणाचे ऐकायचे हेही निवडत असतो.

४.७ सारांश

पोलीसकथेचे परीक्षण करताना तीन प्रश्न विचारावेत : कथा कोणाच्या नजरेतून सांगितली आहे? ती कोठे संपते? आणि तिच्यात कोणाला बोलू दिलेले नाही?

४.८ स्वाध्याय

१. ‘कोलंबो’ आणि ‘सी.आय.डी.’ यांच्या शेवटांची तुलना करा.
२. ‘कबुलीजबाब हा नाट्याचा शेवट आहे, न्यायाचा नव्हे.’ चर्चा करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपण पाहिलेल्या एखाद्या पोलीस मालिकेतील एक भाग निवडा आणि त्याचे कथानक फिर्यादीच्या नजरेतून दोनशे शब्दांत पुन्हा लिहा. काय बदलले, त्याची स्वतंत्र नोंद करा.