जुन्या मोटारसायकलची परीक्षा

यवतमाळाहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहारा हें गांव लागतें. येथें औद्योगिक वसाहत आहे; कामगार, शेतकरी, दूधवाले ह्या सर्वांचीच दुचाकी वाहनांवर मोठी भिस्त असते. त्या गर्दींत मधूनच एखादी जुनी बुलेट, येझदी किंवा राजदूत आपल्या ठरलेल्या ठोक्यांत जातांना दिसते. बापानें घेतलेली व मुलानें जपलेली अशी गाडी पाहून कौतुक वाटतें. परंतु ती रस्त्यावर नेण्याजोगी आहे हें कोणीं व कशावरून ठरविलें, आणि त्या निर्णयावर कितपत विसंबावें, ह्याचा विचार आपण येथें करूं.

मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ४१ व्या कलमान्वयें खाजगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षें ग्राह्य असते. पुढें ती दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, आणि त्या वेळीं गाडी तपासणीस न्यावी लागते. लोहाऱ्याच्या गाडीस त्यासाठीं यवतमाळच्या परिवहन कार्यालयाची वाट धरावी लागते. निरीक्षक सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले क्रमांक कागदांशीं ताडून पाहतो; ब्रेक, दिवे, भोंगा, टायर पाहतो; सर्व ठीक आढळल्यास नोंदणी वाढते. विचारी मनुष्यास येथेंच थबकावें लागतें. निरीक्षकानें गाडी पाहिली ती कांहीं मिनिटें. कागद बोलतो तो पांच वर्षांबद्दल. कागद खोटा असतो असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तो त्या दिवसापुरता खरा असतो, एवढेंच.

बुलेटचें मूळ घर इंग्लंडांतील रेडिच हें गांव. मद्रासेंत ती तयार करण्यासाठीं १९५५ सालीं एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. त्या इंग्लंडांत १९६० सालीं जुन्या वाहनांची वार्षिक परीक्षा सुरू झाली. आरंभीं ती दहा वर्षांवरील गाड्यांपुरतीच असून तींत ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेंच पाहत. परंतु मे २०१८ पासून तेथें ४० वर्षांहून जुन्या व मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांस ह्या परीक्षेंतून सूट मिळाली. आपल्याकडे वय वाढलें कीं परीक्षा सुरू होते. तिकडे वय फारच वाढलें कीं ती सुटते! तेथील कारण असें कीं, अशा गाड्या थोड्या फिरतात आणि हौशी मालक त्यांची निगा चांगली राखतात. आमच्या मतें हें कारण आपल्या खेड्यापाड्यांस लागू पडत नाहीं. जी राजदूत रोज पहांटे दुधाचे कॅन वाहते ती हौसेची वस्तु नव्हे. तिला विसांवा नाहीं, आणि म्हणून तिला सूटही नको.

कोणत्याही परीक्षेंत दोन प्रकारच्या चुका संभवतात. सदोष गाडी उत्तीर्ण होणें ही एक. निर्दोष गाडी अनुत्तीर्ण होणें ही दुसरी. पहिलीनें प्राण जातो, दुसरीनें पैसा व वेळ. म्हणून दुसरीकडे दुर्लक्ष करावें असें मात्र नाहीं. ज्या मालकाची चांगली गाडी विनाकारण परत पाठविली जाते तो पुढील वेळीं परीक्षाच टाळूं पाहतो. जुन्या गाडीच्या बाबतींत ही दुसरी चूक सहज घडते, कारण तिला नव्या गाडीचें माप लावलें जातें. सहा व्होल्टचा दिवा आजच्या दिव्याइतका प्रखर कसा असेल? जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखालीं व ब्रेक डाव्या पायाखालीं असतो. नव्या गाड्यांत हें उलट आहे. संवयीच्या पायानें ब्रेक समजून गिअर दाबला, तर दोष गाडीचा कीं पायाचा? धुराच्या तपासणींत हा विवेक राखलेला आहे. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या गाडीस ३.५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली.

आतां ब्रेकचें उदाहरण घेऊं, कारण त्यांत गणितही आहे. गाडीच्या अंगची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ब्रेकनें दर सेकंदास वेग ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असें धरल्यास, ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ७ मीटरांत थांबेल. ताशी ६० ची सुमारे २८ मीटरांत. वेग दुप्पट, अंतर चौपट. ही सारी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममध्यें जाते. कार्यालयाच्या आवारांत गाडी मंद चालवून ब्रेक दाबला तर थंड ड्रम तिला बिनतक्रार थांबवितो. पण तीच गाडी मागें माणूस व पुढें ओझें घेऊन यवतमाळच्या पठारावरून वर्धा नदीच्या खोऱ्याकडे उतरूं लागली, कीं ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटूं लागते, आणि सकाळीं उत्तीर्ण झालेला ब्रेक दुपारीं दगा देतो. येथें निरीक्षकानें कामचुकारपणा केला असें म्हणतां येत नाहीं. जी स्थिति परीक्षेंत निर्माणच झाली नाहीं तिच्याबद्दल तो काय सांगणार?

डोळ्यांस न दिसणारे दोष आणखीही असतात. ब्रेकची वायर बाहेरून धड दिसते, पण टोंकाच्या शिशाच्या गोळीजवळ तिचे एकेक धागे आंतून तुटत असतात. जी गाडी फार उभीच असते तिच्या टायरवरील नक्षी नवी कोरी राहते. रबर मात्र उन्हानें कडक होऊन चिरतें, आणि आपल्या विदर्भांतील ऊन काय असतें हें सांगावयास नको. टायरच्या बाजूस चार आंकडे छापलेले असतात. तेथें २३१९ असें असल्यास तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. नक्षीपेक्षां हे आंकडे अधिक बोलके असतात. स्पोकांवर लहान पान्यानें हलकेच टिचकी मारावी: ताठ स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. पुढचें चाक उचलून फोर्क मागेंपुढें हलवावा. खटखट हातास जाणवली तर कोनसेट पाहावयास हवा.

विद्यार्थिमित्रांनो, एक प्रयोग करून पाहा. शाळेंतील एकच सायकल घ्या. पांच जणांनीं ती निरनिराळ्या वेळीं, एकमेकांस न विचारतां तपासावी व प्रत्येकानें आपला निकाल कागदावर लिहावा. टायरमधील हवेचा दाब मापकानें मोजला असेल तर आंकडे बहुधा जुळतील. 'कणा खिळखिळा आहे काय' ह्याचीं उत्तरें बहुधा जुळणार नाहींत. जेथें माप आहे तेथें एकवाक्यता असते. जेथें केवळ अंदाज आहे तेथें परीक्षकागणिक निकाल बदलतो. ह्याच हेतूनें २०२१ सालीं स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम प्रसिद्ध झाले. तेथें ब्रेकची शक्ति यंत्राच्या रुळांवर चाक फिरवून मोजतात. मात्र यंत्रही चुकतें. त्याचा कांटा वेळोवेळीं प्रमाणित वजनाशीं पडताळला नाहीं, तर पांचही वेळां एकच आंकडा येईल आणि पांचही वेळां तो चुकीचा असेल. निकाल जुळणें आणि निकाल खरा असणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५० वर्षांवरील, मूळ रूपांत जपलेल्या गाड्यांस २०२१ पासून स्वतंत्र नोंदणी मिळूं शकते. तिच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें असतात. ती घेतल्यास गाडी प्रदर्शनास किंवा जुन्या गाड्यांच्या मेळ्यास नेतां येते, रोजच्या कामास नाहीं.

पालकहो, घरीं जुनी गाडी असेल तर तिच्यासाठीं एक वही घालावी. ब्रेकवायर केव्हां बदलली, लायनर केव्हां घातले, टायरवर कोणते आंकडे होते, कोणत्या उतारावर ब्रेक सैल वाटला, हें तारीखवार लिहावें. लिहिण्याचें काम मुलाकडे द्यावें. त्याचें अक्षरही सुधारेल. तपासणीस जातांना ती वही बरोबर न्यावी. निरीक्षकानें ती पाहावी असा नियम नाहीं. पण मागच्या पावसाळ्यांत ओला झालेला ब्रेक किती वेळानें धरूं लागला, हें त्या वहीखेरीज दुसरें कोणी सांगूं शकत नाहीं.